वास्कोतलं एक 'आशीर्वादित घर' : दिखाव्याच्या कर्जाचं प्रकरण

हे प्रकरण वास्कोतल्या एका मराठी ख्रिस्ती घराचं आहे. घरच्यांची परवानगी घेतलीय, नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. लिहायचं कारण असं की अशी घरं मला गोव्यात जागोजाग दिसतात आणि मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) यावर जे बोललं जातं ते फार वरवरचं असतं, 'द्रव्याचा लोभ धरू नका' म्हणून पाळकसाहेब पुढच्या वचनाकडे जातात आणि ऐकणारा प्रत्येकजण मनातल्या मनात पुढच्या खुर्चीवरच्या माणसाकडे बोट दाखवतो. मी फोंड्याला राहते, घरोघरच्या बायबल अभ्यासाचं काम बघते, या घरातल्या वहिनींशी जुनी ओळख आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला, ताई एकदा येऊन जाल का, कोणाला सांगू नका म्हणाल्या.

घर कसं वर आलं

मूळ घराणं मिरजेकडचं. वडील तरुणपणी मुरगाव बंदराच्या आशेने आले आणि बार्जवर लागले. बार्ज म्हणजे खाणींचं लोहखनिज मांडवी-झुवारीतून बंदरापर्यंत आणणाऱ्या लांब सपाट बोटी. बायणाला भाड्याची खोली, दोन मुलं, रविवारी उपासना, पगार बरा होता. मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. गोव्याबाहेरच्या लोकांना याची कल्पना येत नाही, नुसते खाणमालक नाही तर ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणावळवाले सगळे एका झटक्यात बसले. या घरात वडील बसले. आई सांगतात की वाण्याने उधारी बंद केली त्या दिवशी मोठा मुलगा (त्याला इथे दादा म्हणते, सगळे तेच म्हणतात) पिशवी घेऊन दुकानात उभा होता, मागे ओळखीचे चारजण होते आणि वाणी सगळ्यांसमोर म्हणाला आधी मागचं भर. बस एवढंच झालं होतं. मला वाटतं सगळं प्रकरण तिथून सुरू होतं, आणि आपण लोभ लोभ म्हणून जे झोडपतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा लोभ नसतोच, पुन्हा तसं चारचौघांत उभं राहायला लागू नये ही भीती असते.

दादा हॉटेलच्या किचनमध्ये होता, २०१४ मध्ये तो क्रूझवर गेला. गोव्यात जहाजावर जाणं ही जुनी वाट आहे, तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, घरं गावोगाव आहेत. आधी भांडी घासायचं काम, मग गॅली (जहाजाचं स्वयंपाकघर), मग डायनिंगमध्ये असिस्टंट वेटर, तिथे टिप मिळते. कॉन्ट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचं, मग दोन-अडीच महिने घरी, आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे त्या घरच्या महिन्यांना पगार नसतो. जहाजावर पाय ठेवला की पगार सुरू, उतरला की बंद. पण शेजारी बघतात ते नेमके तेच दोन महिने, माणूस घरी आहे, खिशात डॉलर बदलून आणलेले पैसे आहेत, बॅगा भरलेल्या आहेत.

पहिल्या सुट्टीत त्याने मंडळीत सगळ्यांना चॉकलेटं आणि पाळकसाहेबांना परफ्यूम दिला. उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं, प्रभूने कसं उचललं ते सांगितलं, ते खरंही होतं. पण त्या दिवसापासून त्याला पुढच्या ओळीत खुर्ची मिळाली. वडील इतकी वर्षं मागच्या पंख्याखाली बसायचे, त्यांना कोणी कधी पुढे बोलावलं नव्हतं. नंतर साउंड सिस्टीमचा विषय निघाला, दादाने अर्धी रक्कम दिली, व्यासपीठावरून नाव वाचलं गेलं, टाळ्या झाल्या. 'आशीर्वादित घर' हा शब्द तेव्हा चिकटला तो चिकटलाच. २०१६ मध्ये वडील वारले. २०१८ मध्ये चिखलीला टू बीएचके फ्लॅट घेतला, होम लोन होतं पण झेपणारं होतं, ते मी चूक मानत नाही, भाड्याच्या एका खोलीत आई, बहीण, बायको किती वर्षं काढणार. फॉल्स सीलिंग आणि भिंतभर टीव्ही मात्र घरच्यांसाठी नव्हता, वहिनींनी मला स्पष्टच सांगितलं की टीव्ही कोण बघतं, आई रेडिओ ऐकतात आणि मी मुलांच्या ट्यूशन घेते, तो हॉल बाहेरच्यांनी बघायचा हॉल होता.

मग मार्च २०२०. जगभरची क्रूझ जहाजं थांबली. दादा जूनमध्ये घरी आला तो जवळपास दीड वर्ष घरीच. एक पैसा मिळकत नाही. साठवलेलं संपलं, वहिनींच्या बांगड्या गोल्ड लोनला गेल्या, ऑनलाइन ट्यूशनवर किराणा चालला, आणि हे सगळं घराच्या चार भिंतींत. मंडळीत कोणाला कळलं नाही. त्या नाताळात निधी जमा होत होता, यादी वाचली जाणार होती, तर दादाने पंचवीस हजार दिले. कुठून दिले? क्रेडिट कार्डावरून काढून. म्हणजे देवाच्या घरातल्या यादीत नाव वरच राहावं म्हणून. हा आकडा वहिनींच्या तोंडून ऐकला तेव्हा मला खरंच खूप वाईट वाटलं, कारण त्याच मंडळीत त्याच नाताळात गरजू कुटुंबांना शिध्याची पाकिटं वाटली गेली आणि हे घर त्या पाकिटाचं खरं हक्कदार होतं.

२०२२ च्या सुरुवातीला पुन्हा जहाज मिळालं. शहाणपण असं सांगतं की आता आधी खड्डा भरायचा, पण तोवर कोणीतरी बोललं होतं की 'त्यांचं संपलं आता', आणि ते आईंच्या कानावर आलं होतं. २०२३ मध्ये एसयूव्ही आली, दहा लाखांचं लोन, पाच वर्षं, महिन्याला एकवीस हजारांच्या आसपास हप्ता. गाडी वर्षातले नऊ महिने बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी, कारण चालवणारा समुद्रावर. मंडळीत गाडीसाठी प्रार्थना झाली, बॉनेटवर हार घालून फोटो, खाली 'प्रभूने दिली'. त्या नाताळात शेजारी कुसवाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं द्यायची तर नेवऱ्या-दोदोल घरी न करता ड्रायफ्रूटचे मोठे हॅम्पर वाटले, सगळ्या बिल्डिंगला.

ऑगस्ट २०२४ मध्ये जॉइनिंगच्या आधीच्या मेडिकलला बीपी आणि शुगर दोन्ही वर निघाले. कंट्रोलमध्ये येईपर्यंत अनफिट. आणि बहिणीचं लग्न जानेवारीला ठरलेलं, बेळगावचं स्थळ, पाचशे माणूस, हॉल, लाइव्ह बँड, एमसी, पाच मजली केक.

मी गेले तेव्हा काय होतं

टेबलावर वही होती. होम लोन आणि गाडीचा हप्ता धरला नाही तरी तीन क्रेडिट कार्डांवर मिळून चार लाख साठ हजार, एक पर्सनल लोन, गोल्ड लोन. कार्डांचं गणित मी तिथेच बसून करून दाखवलं, कारण बऱ्याच जणांना मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरला की आपण सुटलो असं वाटतं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर चार साठवर सोळा हजार शंभर नुसतं व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे अजून जवळपास तीन हजार. मिनिमम ड्यू पाच टक्क्याने तेवीस हजार. म्हणजे महिन्याला तेवीस हजार भरून मुद्दल कमी होतं जेमतेम चार हजारांनी, आणि मागची बाकी असताना कार्डावर जे नवीन घ्याल त्याला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. नीतिसूत्रे २२:७ मध्ये ऋणको धनकोचा दास होतो असं म्हटलंय, ते वचन पाठ असलेली माणसं त्या घरात तीन होती.

आईंना यातलं निम्मंही माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं गाडी फिटलीय.

दादाने मला एक प्रश्न विचारला तो मी जसाच्या तसा देते, कारण पुष्कळ चांगल्या विश्वासी माणसांचा तोच प्रश्न असतो. तो म्हणाला, "ताई, मी दारूला शिवत नाही. पणजीत ते कॅसिनो उभे आहेत, माझ्याबरोबरचे अर्धे सुट्टीत तिथे जातात, मी कधी पायरी चढलो नाही. दशांश देतो. आईला, बहिणीला काही कमी पडू दिलं नाही. मग माझं पाप कुठलं ते तरी सांगा."

मी म्हटलं आपण प्रेषितांची कृत्ये पाचवा अध्याय वाचू. हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून प्रेषितांकडे पैसे आणणारं जोडपं. आपल्याकडे ही गोष्ट सांगतात ती कंजूषपणाची म्हणून, की त्यांनी देवाला देताना पैसे मागे ठेवले आणि मेले. पण चौथं वचन नीट वाचा. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन होती तोवर तुझीच होती ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना. म्हणजे ठेवून घ्यायला मनाई नव्हतीच! सगळेच्या सगळे द्यायलाच पाहिजेत असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी काय केलं तर थोडं देऊन सगळं दिल्यासारखं दाखवलं, कारण आधीच्या अध्यायाच्या शेवटी बर्णबाने शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायाशी ठेवली होती आणि मंडळीत त्याचं नाव झालं होतं, तसं नाव त्यांना पाहिजे होतं. हे खोटं तोंडाने बोललेलं असेल किंवा वस्तूने. कार्डावरून काढलेले पंचवीस हजार हे वस्तूने बोललेलं खोटंच आहे, आमच्याकडे आहे असं सांगणारं, नसताना.

दादा आधी गप्प बसला आणि मग चिडला. "म्हणजे मी हनन्या?" असं म्हणून गॅलरीत गेला. आई म्हणाल्या, "अगं, त्याला बोलू नको, खाण बंद झाली तेव्हाचं त्याने बघितलंय." त्यांचं बरोबर होतं, आणि मीही त्या दिवशी पुढे काही बोलले नाही. माणूस भीतीने जे करतो ते त्याला नुसतं पाप पाप म्हणून सुटत नाही.

खर्च आणि दिखावा यातला फरक

इथे मला थोडं थांबून लिहायचंय, कारण या विषयात आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक टोक म्हणतं ख्रिस्ती माणसाने साधंच राहावं, हौस म्हणजे जग. दुसरं टोक म्हणतं आपण राजाची मुलं, राजासारखं राहायचं, गाडी-बंगला हा विश्वासाचा पुरावा. दुसऱ्या टोकाने या घराचं वाटोळं केलं हे तर दिसतंच आहे, पण पहिलं टोकही शास्त्राला धरून नाही.

काना गावच्या लग्नात येशूने सहा दगडी रांजण भरून पाण्याचा द्राक्षारस केला, एकेका रांजणात दोन-तीन मण मावेल एवढे मोठे रांजण. एवढं त्या लग्नाला लागणार होतं का? नव्हतं. ती उधळण होती, आनंदाची. बेथानीत मरियेने जे सुगंधी तेल येशूच्या पायांना लावलं ते येशूचा शिष्य यहूदा याच्या हिशोबाने तीनशे दिनारांचं, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक तोच दर ठरवतो. जवळपास वर्षाची कमाई एका संध्याकाळी ओतली आणि येशूने तिला टोकलं नाही, टोकणाऱ्याला थांबवलं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात सहाव्या अध्यायात द्रव्याचा लोभ सर्व वाईटाचं मूळ हे आहे तसंच, थोडं खाली सतराव्या वचनात देव उपभोगासाठी सगळं विपुल देतो हेही आहे. लोक दहावं वचन वाचून पुस्तक मिटतात.

मग रेषा कुठे? माझ्या मते रेषा रकमेवर नसते, तो खर्च कोणाच्या डोळ्यांसाठी केला यावर असते. मरियेने ओतलं ते एकासाठी. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१६) देहाची वासना आणि डोळ्यांची वासना यांच्याबरोबर तिसरी गोष्ट आहे संसाराविषयीची फुशारकी, आणि पहिल्या दोन माणसाला एकट्यानेही पुरतात पण फुशारकीला बघणारा लागतो. प्रेक्षक नसेल तर ती उपाशी मरते. म्हणूनच मी म्हणते की दादाचा हिशोब मांडताना फक्त दादाला समोर बसवून चालणार नाही. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय काढा. सोन्याची अंगठी घातलेला, झगझगीत कपड्यांतला माणूस सभेत येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीबही येतो. याकोब अंगठीवाल्याला एक शब्द बोलत नाही. तो बोलतो खुर्ची देणाऱ्यांना. तुम्ही त्याला इथे चांगल्या जागी बसा म्हणालात आणि त्याला तिथे उभा राहा म्हणालात, तुम्ही भेदभाव केलात. वडील पंख्याखाली मागे आणि मुलगा पुढच्या ओळीत, माणूस तोच, रक्त तेच, मध्ये फक्त चॉकलेटाची बॅग आली. मंडळीने त्या मुलाला काय शिकवलं तर तुझी किंमत बॅगेत आहे. मग मंडळीच वर्षातून चार रविवार लोभावर उपदेश करते.

शेजारच्या बायने काय सांगितलं

या प्रकरणातला सर्वात उपयोगी सल्ला ना पाळकसाहेबांनी दिला ना मी. तो शेजारच्या कॅथलिक आजीबाईंनी दिला, त्यांचे यजमान तीस वर्षं जहाजावर होते. २१ नोव्हेंबर २०२४ ला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं, दर दहा वर्षांनी असतं, ५ जानेवारीपर्यंत चाललं. त्या बाय आईंना सोबत म्हणून घेऊन गेल्या. आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत यावर कोणाचं काय मत असेल ते असो, झेवियरची गोष्ट सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. आजच्या स्पेनमधल्या नावाराच्या सरदार घराण्यातला पोरगा, पॅरिसला शिकायला गेलेला, हुशार, मोठं पद मिळवायची धडपड, आणि तिथे इग्नेशियस लोयोला (पुढे जेझुइट संघ स्थापणारा) त्याला पुन्हा पुन्हा एकच वचन विचारायचा असं सांगतात, मत्तय १६:२६, माणसाने सगळं जग मिळवलं आणि जीव गमावला तर काय लाभ. १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला आणि दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, म्हणावं असं कोणीही जवळ नसताना वारला.

वाटेत बायने आईंना आपल्या घरातली रीत सांगितली. कॉन्ट्रॅक्ट संपवून नवरा आला की पैसे आधी तीन ठिकाणी जायचे, घरी बसायच्या महिन्यांचा पगार (म्हणजे नवऱ्याला घरातूनच पगार!), कर्जाचा हप्ता, आणि पुढचं मेडिकल फेल झालं तर म्हणून सहा महिन्यांचा खर्च. उरलं तर भेटवस्तू. त्यांच्या वाड्यावर ज्यांनी उलटं केलं त्यांची घरं आज बंद आहेत किंवा विकली गेलीत. त्यांनी अजून एक सांगितलं ते आईंना फार लागलं, की आम्ही सगळे तारवटीच, आम्हाला तुमच्या हॅम्परवरून कळलं होतं की तुमची ओढाताण चाललीय, मजबूत घर नेवऱ्या पाठवतं. म्हणजे चार वर्षं जे झाकायला एवढा खर्च केला ते शेजाऱ्यांना माहीतच होतं. नीतिसूत्रे १३:७ मध्ये जवळ काही नसताना धनवान म्हणवणारा आहे, तो दिसून येतो, लपत नाही.

मग काय केलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे एकत्र बसले, आई, दादा, वहिनी, बहीण, मी, आणि मंडळीच्या कारभारातले एक ज्येष्ठ ज्यांच्यावर घराचा विश्वास होता. गाडी विकली. आठ लाख चाळीस हजार आले, लोनचे सात ऐंशी राहिले होते ते बंद केले. दोन बांगड्या विकून बाकीचं सोनं सोडवलं. तिन्ही कार्डं बंद करून ती बाकी कमी व्याजाच्या एका बँक लोनमध्ये वळवली, हे करताना दादाला वाटलं एक कार्ड अडीअडचणीला ठेवू, वहिनींनी तिथेच कात्री आणली. हॉल रद्द केला, चाळीस हजार ॲडव्हान्स बुडाला, बुडू दे म्हटलं. पाचशेचे दीडशे केले आणि मंडळीच्याच हॉलमध्ये जेवण ठेवलं.

व्याह्यांना फोन दादानेच केला. आधी आईंनी करावा असं चाललं होतं, मी हट्ट धरला की त्यानेच करायचा आणि आजारपणाचं कारण न सांगता कर्जाचं सांगायचं. तो फोन त्याच्यासाठी फार अवघड होता. व्याही पहिल्यांदा म्हणाले आमच्या लोकांना मी काय सांगू, मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला की मुलीच्या नावावर कर्ज घेऊन लग्न नको, दीडशेच ठेवा. विहीणबाईंचे भाऊ मात्र लग्नाला आले नाहीत, आजही बोलत नाहीत.

बहिणीच्या गाऊनवरून वाद झाला. तिने स्वतःच्या पगारातून दीड वर्ष बाजूला काढून गाऊन शिवायला टाकला होता, महाग होता. मंडळीतल्या एकांनी पेत्राचं पहिलं पत्र काढलं, ३:३, केस गुंफणं, सोनं घालणं, उंची पोषाख करणं अशी बाह्य शोभा नको. मला याचा राग येतो आणि मी तो तिथे बोलूनही दाखवला. हे वचन आपल्याकडे नेहमी बायकांच्याच अंगावर टाकतात, गाडीच्या बॉनेटवर हार चढवताना एकाही पुरुषाला ते आठवलं नव्हतं. त्या मुलीवर एका रुपयाचं कर्ज नाही, कोणाला खोटं दाखवायचं नाही, आयुष्यात एकदा मनासारखं नटायचंय. ही हौस आहे आणि हौसेला देवाने बंदी घातलेली नाही. गाऊन राहिला.

दीडशेत कोण यावरून खरा बदल झाला आणि तो आईंनी केला. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो की जेवण करशील तेव्हा मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल, ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलाव. आई म्हणाल्या वडिलांच्या बार्जवरची माणसं. गेल्या आठ-दहा वर्षांत या घराच्या एकाही कार्यक्रमाला त्यांना बोलावलं नव्हतं, कारण ते जसे यायचे तसे यायचे, जुन्या शर्टात, स्लिपरवर, आणि पुढच्या ओळीच्या पाहुण्यांत ते बरं दिसत नव्हतं. दादा स्वतः बायणा आणि कुठ्ठाळीला जाऊन एकेकाला भेटून आला. वीसेक जण आले. त्यातल्या एकाने दादाला सांगितलं की २०१२ मध्ये तुझ्या बापाने त्याच्या शेवटच्या पगारातून मला दीड हजार दिले होते, कोणाला बोलू नको म्हणाला होता. दादाला हे आजवर माहीत नव्हतं. वडिलांचं दान कुठल्याच यादीत वाचलं गेलं नव्हतं.

लग्न जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. त्याच सुमारास, १६ जानेवारीला, वास्कोपासून जवळच सांकवाळला संत जुझे वाझचा सण असतो. हा बाणावलीत जन्मलेला गोव्याचा माणूस १६८७ मध्ये डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत शिरला तो भिकाऱ्याच्या वेशात, कारण कॅथलिक धर्मगुरू म्हणून जाता येत नव्हतं, आणि १७११ मध्ये कँडीत वारला. गोव्यातले मराठी विश्वासी आपण, आपल्या दाराशी अशी माणसं होऊन गेलीत, आणि मुलांना आपण आशीर्वादाचा नमुना म्हणून दाखवतो शोरूममधला फोटो. हे मला पटत नाही.

आज कुठे आहे

दादाचं बीपी-शुगर औषधाने आणि चालण्याने ताब्यात आलं, मार्च २०२५ मध्ये मेडिकल पास झालं, एप्रिलमध्ये जहाजावर गेला. बायच्या पद्धतीने तीन खाती काढलीत, आणि हे वहिनी बघतात. लोन अजून आहे, दोन-अडीच वर्षं राहील. फलाण्याने नवीन काय घेतलं ते स्टेटसवर बघून आजही पोटात कालवतं असं तो म्हणतो, आणि मला ते ऐकून बरं वाटलं कारण संतोष हा एका दिवसात येत नाही, पौलही फिलिप्पैच्या पत्रात मी शिकलो आहे असंच म्हणतो आणि ते तो बंदिवासातून लिहितो.

जायच्या आधी पाळकसाहेबांची इच्छा होती की दादाने उपासनेत साक्ष द्यावी, प्रभूने कर्जातून कसं बाहेर काढलं यावर. मी विरोध केला. त्याला पुन्हा व्यासपीठावर उभं करून टाळ्या मिळवून द्यायच्या म्हणजे तेच औषध दुसऱ्या बाटलीतून. दादाने स्वतःच नाही म्हटलं. त्याऐवजी तो आणि वहिनी एका तरुण जोडप्याच्या घरी जाऊन बसले, त्यांचंही कार्डांचं तसंच चाललं होतं, आणि आपली वही दाखवली.

मंडळीत मात्र काम अर्धवट आहे. मी कमिटीला लिहून दिलंय की देणगीदारांची नावं आणि रकमा व्यासपीठावरून वाचणं बंद करा, मत्तय सहाव्या अध्यायात दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नको असं स्पष्ट आहे, पुढच्या ओळीतल्या राखीव खुर्च्या काढा, आणि मदत मागायची असेल तर ती नाव न कळता मागता येईल अशी दोन विश्वासू माणसं नेमा. खुर्च्या निघाल्या. मदतीसाठी दोघीजणी नेमल्या, त्यांच्याकडे पहिल्याच महिन्यात तीन घरं आली, तिन्ही 'चांगल्या' घरातली. नावांचा प्रश्न अडलाय. खजिनदारांचं म्हणणं आहे की नावं वाचली नाहीत तर छपराचं काम होणार नाही, देणारे आटतील. त्यांची काळजी खोटी नाही, छप्पर खरंच गळतंय आणि पावसाळा गोव्यातला आहे. मी म्हटलं एक वर्ष न वाचता बघा, कमी पडलं तर आपण सगळे मिळून घरोघरी जाऊन मागू. पुढच्या मीटिंगला मतदान आहे.